आपले शून्य कपडे तयार आहेत

माझं एक ठाम मत होतं. प्रोग्रॅमिंगची एक भाषा आली की सगळ्या आल्या! ज्याला पोहता येतं त्याला नदी काय आणि तलाव काय, हात मारायचे, पाय मारायचे, पलीकडे पोचायचं. हे मत मी ऑफिसात इतक्यांदा आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं होतं की लोक मला 'गुरुजी' म्हणायला लागले. ते आदरानं म्हणतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

त्यामुळे आमच्या विभागाचं सगळं काम रूबी नावाच्या भाषेत हलवायचं ठरलं आणि ती शिकण्याची सगळ्यांना सक्ती झाली, तेव्हा मला तो सरळसरळ अपमान वाटला. डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून मी एकाच भाषेत प्रोग्रॅम लिहीत आलोय. तेव्हा लिहिलेले अजून चालतात. काही तर का चालतात हे आता मलाही सांगता येणार नाही, पण चालतात! अशा माणसाला बैठकीच्या खोलीत नवख्यांच्या रांगेत बसवून मुळाक्षरं गिरवायला लावायची म्हणजे काय?

शिकवायला ऑफिसातल्याच एक बाई होत्या. पूर्वी कॉलेजात शिकवायच्या, म्हणून आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. स्वभाव असा शांत की संगणक बंद पडला तर आधी त्याची विचारपूस करतील. त्यांचा नियम एकच होता: प्रश्न विचारा, आणि जो विचारायची लाज वाटते तो आधी विचारा.

झालं! नवखे तुटूनच पडले. पडद्यावर ओळ छापायच्या दोन-दोन आज्ञा कशाला? शब्दाच्या आधी दोन ठिपके दिले की तो वेगळा का होतो? आज्ञेच्या शेवटी उद्गारचिन्ह कशासाठी? मास्तरीणबाईंनी सांगितलं की साधी आज्ञा दिली तर मूळ वस्तू तशीच राहते आणि बदललेली नवी मिळते. उद्गारचिन्ह असलं की बहुतेक वेळा मूळ वस्तूच बदलून जाते. यात शिकवण्यासारखं काय आहे तेच मला कळेना. आमच्या घरी हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं.

मग एकानं विचारलं की शून्य असेल तर रूबी ते खरं धरते की खोटं. इथं मात्र मला हसू आवरेना. "अरे, शून्य म्हणजे शून्य! ताटात शून्य असेल तर पोट भरतं का?" मी म्हणालो. सगळे हसले. मास्तरीणबाई काहीतरी सांगायला लागल्या होत्या, पण तोवर मी चहा प्यायला उठलो होतो. उंटावरच्या शहाण्याला खाली काय चाललंय ते ऐकू येत नाही, त्यातला प्रकार.

आता थोडं सासरेबुवांविषयी सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल.

सासरेबुवा शिंपी. आमच्याच घरी राहतात. रस्त्याच्या टोकाला, चाव्या बनवणारा आणि चष्मेवाला यांच्यामध्ये त्यांचं चिंचोळं दुकान आहे. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे बोलणं बेताचं. जे बोलतात तेही टोचणारंच. पण हात असा की त्यांनी शिवलेला कोट घालून वाकडा माणूस उभा राहिला तरी सरळ दिसतो.

दुकानाला एकच रोग होता. लोक कपडे शिवायला टाकत आणि न्यायला येत नसत. "उद्या नेतो" म्हणायचे आणि गायब व्हायचे. शिवून तयार कपडे आधी फळीवर साठले, मग खुर्चीवर, मग काउंटरखाली. शेवटी कपडे घालून बघायची पडद्यामागची जागा होती, तिथंही गाठोडी रचली गेली. नव्या गिऱ्हाइकाला माप द्यायला उभं राहायचं तर आधी हात वर करावे लागत, कारण ते खाली ठेवायला जागाच नव्हती. हळूहळू नवं गिऱ्हाईक यायचं बंद झालं.

एका संध्याकाळी जेवताना सासरेबुवा म्हणाले, "महिनाअखेर दुकान बंद करतो."

बायकोनं कारण विचारलं. ते पुढं म्हणाले, "लोक कपडे विसरत नाहीत हो, जावईबापू. शिंप्याला विसरतात." आणि निमूट जेवायला लागले.

बायको नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई गेली तेव्हा बाबा त्या मशीनच्या आधारावर उभे राहिले. घरी बसले तर खचतील रे." हे खरं होतं. मलाही मनापासून वाईट वाटलं. म्हाताऱ्यावर माझा जीव आहे. फक्त ते आम्ही एकमेकांना कधी सांगत नाही. मग बायको म्हणाली की दुकान बंद झालं तर मशीन घरी आणावी लागेल, आणि मशीनला खिडकीजवळचा उजेड लागतो. घरात खिडकीजवळ एकच जागा. तिथं माझं संगणकाचं टेबल आहे. हे ऐकून मला आणखीच मनापासून वाईट वाटलं!

"काही बंद करायचं नाही," मी छाती पुढं काढून जाहीर केलं. "ज्यांचे कपडे पडलेत त्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जाईल. कपडे नेतील, फळी रिकामी होईल, नवं गिऱ्हाईक येईल. आणि हा प्रोग्रॅम मी रूबीत लिहिणार. एका दुपारचं काम!"

"तुला येते का पण ती रूबी?" बायकोनं विचारलं.

मी फक्त हसलो. नदी काय, तलाव काय!

बायको कामाची पक्की. रविवारी दुकानात बसून तिनं सासरेबुवांच्या फोनमधली सगळी गिऱ्हाइकं उतरवली. दुकान उघडल्यापासूनची. नाव, नंबर आणि पुढं त्याचे किती कपडे पडलेत तो आकडा. काही पडलेलं नसेल त्याच्यापुढं तिनं शून्य घातलं. गाठोडी मात्र राहिली. कुणाचं कुठलं ते सासरेबुवांना तोंडपाठ, पण आत किती आहेत ते सोडून मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. त्या नावांपुढं तिनं जागा कोरी सोडली आणि मला सांगितलं, "कोरं आहे त्याचं नंतर बघू, पण लक्षात ठेव." नवरे ऐकतात तसं मी ऐकलं. म्हणजे 'हं' म्हणालो.

निरोपाचा मजकूर सासरेबुवांनी टाचण्यांच्या आडून सांगितला. कडक हवा, असा त्यांचा आग्रह. 'आपले अमुक इतके कपडे शिवून तयार आहेत. दोन दिवसांत न नेल्यास त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल.' बायकोनं त्यात 'कृपया' घालायला लावलं. ते नेमकं कुठं घालायचं यावर बापलेकीत जेवढा वेळ वाद झाला, तेवढ्यात माझा प्रोग्रॅम लिहून झाला. होताच केवढासा! एकेक गिऱ्हाईक घ्या. कपडे असतील तर निरोप पाठवा. बस.

मी बेफिकीर माणूस नाही. तपासणी केली. गिऱ्हाइकांत माझंही नाव होतं, कारण माझी एक पँट शिवून कधीची तिथं पडली होती. आधी फक्त माझ्या नावानं प्रोग्रॅम चालवला. टिंग! माझ्या फोनवर माझाच निरोप आला, 'कृपया'सकट. याहून जास्त तपासायचं ते काय? सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मी बूट घालता घालता बटण दाबलं आणि शीळ घालत बाहेर पडलो.

शिकवणी चालू असताना बायकोचा फोन आला.

"दुकानात ये," ती म्हणाली.

"गर्दी झाली ना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"झालीय." पुढं काहीच नाही. बायको कमी बोलली की काहीतरी बिघडलेलं असतं. मी निघालो.

गर्दी कसली, चाव्यावाल्याच्या पलीकडपर्यंत माणसं उभी होती! प्रत्येकाच्या हातात फोन. माझी छाती फुगायला लागली होती, तेवढ्यात सगळ्यात पुढचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू आलं आणि ती जागच्या जागी बसली.

ते दंतवैद्य होते. पांढरा कोट तसाच अंगात होता. पेशंटला 'आ' करून बसायला सांगून आले होते म्हणे. फोन सासरेबुवांच्या नाकासमोर धरून म्हणत होते, "माझे शून्य कपडे शिवून तयार आहेत असं तुम्ही कळवलंय. मला ते बघायचेत."

त्यांच्या मागं शाळेच्या मुख्याध्यापिका. जन्मात कुणाकडं माझी काही वस्तू पडून राहिलेली नाही, मग ही धमकी मला का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मागं बसचालक. त्यांच्या मते शून्याच्या आधीचा एक आकडा गळला होता. म्हणजे कपडे किमान दहा, आणि ते घेतल्याशिवाय ते हलणार नव्हते. बस कोपऱ्यावर उभी, आतली माणसं खिडकीतून बघतायत! एक नवरा-बायको वेगळंच भांडत होते. नवऱ्यानं चोरून काहीतरी शिवायला टाकलं असणार, नाहीतर शून्य लिहायचं कारण काय, असं बायकोचं म्हणणं. आणि नवरा बिचारा शून्य कपडे आपले नाहीत हे शपथेवर सांगत होता.

सगळ्यांत वाईट प्रसंग घड्याळजींचा. हे सासरेबुवांचे जुने स्नेही. हल्ली येणंजाणं थांबलेलं. शून्य कपडे आणि खाली 'विल्हेवाट' एवढं वाचून त्यांनी असा अर्थ लावला की शिंपी गेला आणि घरचे आवराआवर करतायत. ते फुलं घेऊन आले होते. समोर सासरेबुवा टाचण्या ओठांत धरून धडधाकट उभे! घड्याळजींनी आधी त्यांचा हात दाबून बघितला. मग फुलं पुढं करून म्हणाले, "आता आणलीच आहेत, तर ठेव."

मी मध्ये पडलो. हा फक्त तांत्रिक घोटाळा आहे, शांत व्हा, असं म्हणालो. तांत्रिक म्हणजे काय, असं दंतवैद्यांनी विचारलं. ते मलाच माहीत नव्हतं! मी चष्मेवाल्याच्या पायरीवर जाऊन बसलो आणि मास्तरीणबाईंना फोन लावला. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणालो की एका ओळखीच्या माणसाची अडचण झालीय.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्या ओळखीच्या माणसानं 'कपडे असतील तर' एवढंच लिहिलंय का? 'शून्यापेक्षा जास्त असतील तर' असं नाही?"

"एवढंच," मी म्हणालो.

"सर, रूबीत खोट्या गोष्टी दोनच. एक तर चक्क 'खोटं' असं लिहिलेलं, आणि दुसरं निल, म्हणजे कोरं. शून्य खरं असतं. शून्य म्हणजे कुणीतरी मोजून पाहिलंय आणि आकडा सापडलाय. कोरं म्हणजे कुणी मोजलेलंच नाही." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही चहाला गेलात तेव्हा हेच सांगत होते. आणि हो, काही जागा कोऱ्या सोडल्या असतील, तर त्यांना मात्र निरोप गेला नसेल हं."

माझ्या डोळ्यांपुढं पडद्यामागची गाठोडी आली. कोऱ्या जागा त्याच होत्या! म्हणजे ज्यांची गाठोडीच्या गाठोडी पडली होती, त्यांतल्या एकालाही निरोप नाही. आणि ज्यांचं दुकानात चिंधीसुद्धा नाही, त्या सगळ्यांना दोन दिवसांची मुदत! ज्या थोड्यांचे कपडे मोजलेले होते त्यांना निरोप बरोबर गेला होता. पण ते काही आले नव्हते. ते मुळात न येणारेच होते.

हे सासरेबुवांना सांगायचं कुणी? बायकोनं माझ्याकडं बघितलं. उद्गारचिन्हच ते. मी काउंटरशी गेलो. कान पकडायचेच बाकी होते.

"बाबा, चूक झाली," मी म्हणालो. "निरोप उलटा गेला. ज्यांचे कपडे पडलेत त्यांना गेलाच नाही. हे जे आलेत त्यांचं आपल्याकडं काहीच नाही."

सासरेबुवांनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. दुकान उघडं असताना हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि आपली तेवढी लायकी आहेच.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "ज्यांचं इथं काहीच नाही, ते सगळे आले?"

"हो, बाबा."

त्यांनी मान उंचावून रांगेकडं पाहिलं. पार चाव्यावाल्याच्या पलीकडपर्यंत. मग दंतवैद्यांकडं वळले. पांढऱ्या कोटाची बाही चिमटीत धरली, उलटून शिवण बघितली आणि विचारलं, "हा कुठं शिवला?"

दंतवैद्य जरा ओशाळले. तयार घेतला, असं म्हणाले.

"दिसतंय," सासरेबुवा म्हणाले, आणि गळ्यातली टेप काढली.

पुढचं मी फक्त बघत राहिलो. आत उभं राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी दंतवैद्यांना फुटपाथवर उभं केलं आणि भर रस्त्यात त्यांचं माप घेतलं. मुख्याध्यापिकांना आठवलं की त्यांचा हिवाळ्याचा कोट खांद्यात उसवलाय. बसचालकांना दहा कपडे नको होते, पण दोन पँटी हव्याच होत्या. सगळं माप होईपर्यंत बसमधली मंडळी हॉर्न वाजवत होती. भांडणाऱ्या बायकोनं नवऱ्याला पुढं ढकललं आणि याला एक बरा शर्ट शिवा म्हणाली, म्हणजे पुन्हा संशय नको. घड्याळजी आतल्या स्टुलावर फुलं मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला, मी यांच्या मयताला आलो होतो, हे कौतुकानं सांगत होते. सासरेबुवा आकडे पुकारत होते, बायको लिहीत होती. मध्येच तिनं डोळे पुसले. माझेही भरून आले होते. मी चष्मेवाल्याच्या दुकानातले चष्मे बघतोय असं दाखवलं.

संध्याकाळी जेवताना सासरेबुवा म्हणाले, "महिनाअखेरचं तूर्त राहू द्या."

बायकोनं माझ्या ताटात न मागता वाढलं. माझं टेबल वाचलं! मग काय, गाडी पुन्हा रुळावर आली. प्रोग्रॅम चुकला असं म्हणता येणार नाही, तो लोकांच्या मनापर्यंत पोचला, असं मी म्हणायला लागलो. करायला गेलो एक आणि झालं त्याहून चांगलं! अनुभव काही वाया जात नाही, असंही एक वाक्य बहुधा माझ्या तोंडून गेलं.

"ते खरं," बायको म्हणाली. "पण एवढं नवं काम आलंय, त्याला फळी लागणार. जुनी गाठोडी हलवायला हवीत. कोरडी जागा हवी, उजेडाची. कसर लागता कामा नये."

सासरेबुवांनी खिडकीकडं बघितलं.

आता माझ्या टेबलावर गाठोडी आहेत. छतापर्यंत! मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात संगणक ठेवून रूबी शिकतो आणि ताटं मांडायची वेळ झाली की उठतो. बायकोनं गाठोडी सोडून आकडे भरले, मी प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि त्या सगळ्या मालकांना अगदी बिनचूक निरोप पाठवला. सगळ्यांची उत्तरं ताबडतोब आली. 'उद्या नेतो.'

शिकवणीला मी आता पहिल्या रांगेत बसतो. मास्तरीणबाईंनी 'काही प्रश्न?' म्हणायच्या आत माझा हात वर असतो. चहा मी नंतर पितो.

परवा एका गाठोड्यावर माझीच पँट सापडली. म्हटलं, निदान आपण तरी आपला कपडा उचलावा, चार लोकांना उदाहरण होईल. घालून बघितली. पँट शिवली होती तेव्हाचा मी आणि आताचा मी यांत बराच फरक पडलाय. बटण काही केल्या काजापर्यंत पोचेना. सासरेबुवांकडं घेऊन गेलो आणि कमरेत जरा सैल करून द्याल का, म्हणून विचारलं.

त्यांनी टाचण्यांच्या आडून मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "टाका तिकडं."

"न्यायला कधी येऊ?"

"यायची घाई नको, जावईबापू," ते म्हणाले. "निरोप येईल."